झाड कौलांच्या वर गेलं की

परवा हस्त लागला, आणि काल सकाळी अंगणात हादग्याची पहिली फुलं पडलेली दिसली. पांढरी, जाड पाकळीची, पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. तोडायला माझा हात पोचत नाही, म्हणून मी पडलेलीच वेचते. ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर कडेनं काळी पडतात. मधली कडू दांडी काढून टाकायची, बारीक चिरायची, कांद्यावर परतायची आणि वरून डाळीचं पीठ भुरभुरायचं. एका माणसाला ओंजळभर फुलं पुरतात. झाड टोपलीभर टाकतं. उरलेली म्हशी खातात. त्यांची काही तक्रार नसते.

पूर्वी या दिवसांत वस्तीवरच्या पोरी यायच्या. "काकू, हादग्याची फांदी द्या की." फांदी घ्यायच्या, हत्तीचं चित्र मांडायच्या आणि माझ्याच अंगणात फेर धरायच्या. खिरापत काय आहे ते शेवटी ओळखायचं असतं. मी डबा नुसता हलवून दाखवायची, आणि त्या आवाजावरून नावं घ्यायच्या. एकदा डब्यात काकडीची कोशिंबीर होती, तिचा आवाजच येईना, तर एक पोरगी म्हणाली, "काकूनं रिकामा डबा आणलाय!" सगळ्या हसल्या. मीही हसले. आता त्या पोरी आपापल्या सासरी आहेत आणि त्यांच्या मागून आलेल्या पोरींना संध्याकाळी क्लास असतात. हादगा मात्र वेळेवर फुलतो.

हस्तापासून दिवाळीपर्यंतचे दिवस आमच्या घरात वेगळे असायचे. यजमान ट्रकवर. गुऱ्हाळं पेटली की गुळाच्या ढेपा भरून गाडी गुजरातच्या वाटेला लागायची, येताना तिकडचं मीठ, फरशी, मिळेल ते. एकदा हंगाम सुरू झाला की महिन्यातून एखादा दिवस घरी, तोही निम्मा झोपेत. पण पावसाळा सरत आलेला आणि गूळ अजून निघायचा असलेला, असे हे मधले दिवस गाडी गॅरेजात असायची आणि माणूस घरी. बायका माहेरपणाला जातात. आमच्या घरात नवरा माहेरपणाला यायचा, असं मी म्हणायची. हस्ताचा पाऊस गडगडत आला की बाकीचे लोक वाळत घातलेल्या शेंगा उचलायला पळायचे. मी आधी रस्त्याकडे बघायची.

आमचं घर गडमुडशिंगीच्या बाहेर माळावर आहे. शेजार म्हणजे एका बाजूला गौराक्काचं शेत आणि दुसऱ्या बाजूला वारा. गौराक्का लिंगायताची, माहेर निपाणीच्या पलीकडचं. तिच्या बोलण्यात निम्मं कन्नड. मला ती तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. वयानं ती माझ्या आईएवढी होती, पण आई म्हणवून घ्यायला तिची तयारी नव्हती.

नव्वद सालाच्या आगेमागे आम्ही हे घर बांधलं. दोन खोल्या, पुढे सोपा, वर कौलं. शेवटची कौलं चढवून यजमान शिडीवरून खाली उतरले आणि हात न धुताच दारापुढे खड्डा काढून आंब्याचं रोप लावलं. मी म्हणाले, "आता घर झालं. गाडी कवा सोडायची?" ते कौलांकडे बघत होते. आपण केलेल्या कामाकडे माणूस बघतो तसं. म्हणाले, "दारातलं झाड कौलांच्या वर गेलं की सोडतो. इथंच ऱ्हातो. म्हशी राखतो."

गौराक्का बांधावर उभी होती. ती म्हणाली, "मी ऐकलंय हं, पावणं."

त्यांनी हे सहज म्हटलं असणार. पण मी सहज ऐकलं नाही. मला व्यवहारातली वाक्यं लक्षात राहतात.

माळाची जमीन. वीतभर माती आणि खाली मुरूम. त्यात आंबा दोन पावसाळे गुडघ्याएवढाच राहिला. एका उन्हाळ्यात शेळीनं शेंडा खाल्ला, तो पुन्हा पायाच्या घोट्यापासून सुरू झाला. या गतीनं कौलं गाठायची तर मी म्हातारी होणार, हे सरळ दिसत होतं. मग मी त्यांचं वाक्य पुन्हा आठवून बघितलं. ते "आंबा" म्हणाले नव्हते. "दारातलं झाड" म्हणाले होते.

झटपट वाढणाऱ्या झाडांना आमच्याकडे मान नाही. आंबा, वड, चिंच ही खरी झाडं. आजोबानं लावायची आणि नातवानं खायची. मला नातू नाही. मूलच झालं नाही, आणि त्यावर जे बोलायचं ते गावानं बोलून झालं आहे. मला माझ्या हयातीत सावली हवी होती, आणि त्या सावलीत बसायला माणूस. त्यामुळे मी गौराक्काच्या पानमळ्यातून हादग्याच्या शेंगा आणल्या. पानमळ्यात वेल चढवायला असली झाडं लागतातच: हादगा, शेवरी, पांगारा. शेवग्याची एक फांदी आणली. बांधाला म्हशींच्या चाऱ्यासाठी सुबाभूळ टाकली.

शेवगा दारात रोवताना गौराक्का आली. "अगं तंगी, दारात शेवगा लावू नये. घरात भांडनं लागत्यात."

"कुणाबरोबर?" मी विचारलं.

ती मग कमरेची चंची सोडून पान लावायला बसली आणि म्हणाली, "लाव मग. दोन लाव."

या झाडांची एक गंमत असते. ती वाढताना दिसतात. दिसतात म्हणजे मला नाही. मी रोज बघणारी. रोज बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. पण यजमान एक खेप करून आले की गाडीतून उतरल्या उतरल्या आधी हादग्याजवळ जाऊन उभे राहायचे, पाठ टेकून, शाळेतली पोरं उंची मोजतात तसे. "मागच्या बारीला खांद्याला हुतं." पुढच्या खेपेला डोक्यावर हात नेऊन, "ह्या मायला, ग्येलं की वर!" त्यांचा तो आनंद बघून मला पहिल्यांदा वाटलं, ही झाडं सतत घरी असणाऱ्यांसाठी नसतातच. ती अधूनमधून येणाऱ्यांसाठी असतात. घरी असणाऱ्यानं फक्त पाणी घालायचं.

दुसऱ्या हस्तात हादगा कौलांच्या वर गेला. हातभर वर. आणि फुलला. यजमान आले, आंघोळ केली. मी बाज अंगणात काढली आणि डोक्याची बाजू अशी ठेवली की आडवं झालं की वरचा शेंडाच दिसावा. हादग्याचीच भाजी, भाकरी, वर मिरचीचा खरडा. जेवले. आडवे झाले. वर बघितलं.

"चांगलं वाढलंय की."

"कौलांच्या वर गेलंय," मी म्हणाले.

ते उठून बसले. म्हणजे त्यांच्या लक्षात होतं.

गौराक्काला कुठून वास लागतो कोण जाणे, ती तेवढ्यात बांध ओलांडून आली. "काय पावणं, शबूद दिलतासा न्हवं?"

"अक्का, ह्याला झाड म्हणत्यात व्हय?" यजमान खोडाजवळ गेले आणि अंगठ्याच्या नखानं साल खरवडून दाखवली. "बघा. मुळ्यागत हाय. ही वैरण हाय, वैरण."

"केळीला झाड म्हणत्यात. एरंडाला झाड म्हणत्यात. ह्याला काय म्हनायचं मग, दुर्वा?"

"ज्याचा वासा निघतोय त्ये झाड. वासा काढून दावा ह्याचा."

गौराक्का हरली नाही, पण हसली. मीही हसले. वाद विनोदात गेला की जिंकणारा कोण ते ठरलेलं असतं. दसरा झाला, गुऱ्हाळं पेटली, आणि एका सकाळी गाडी माळावरून खाली उतरली. मी हादग्याला हात लावून बघितला. खरंच, मुळ्यासारखाच मऊ होता.

पण माझ्या हातात आता एक व्याख्या होती. ज्याचा वासा निघतो ते झाड.

पुढच्या पावसाच्या तोंडाला मी सरकारी रोपवाटिकेतून निलगिरीची रोपं आणली. बांधावर रांग लावली आणि एक दारात, आंब्याच्या पलीकडे. गौराक्का म्हणाली, "विहीर पिऊन टाकील ती." मी म्हणाले, विहिरीला तळ दिसला तर तोडू. निलगिरीला प्रेम लागत नाही, खत लागत नाही, शेळी तोंड लावत नाही. ती फक्त वर जाते. खाली गवतसुद्धा उगवू देत नाही. सालीच्या लांब पट्ट्या सुटून लोंबतात. त्या चुलीला इतक्या झकास लागतात की मी कित्येक वर्षं रॉकेलची चिंधी वापरली नाही. पावसानंतर ऊन पडलं की सगळ्या माळाला सर्दीच्या औषधाचा वास येतो. मला तो आवडतो. स्वच्छ वास आहे, त्यात कुणाची आठवण नाही.

आवाजाचं मात्र निराळं. निलगिरीतून वारा गेला की लांबच्या हायवेवरून भरलेली गाडी चढ चढत येते तसा आवाज होतो. अगदी तसाच. पहिली दोन वर्षं मी फसायची. दुपारी भांडी घासता घासता हात तसेच ओले घेऊन दारात यायची. माळ रिकामा. पालापाचोळा फिरतोय. सुबाभळीच्या वाळलेल्या शेंगा खुळखुळतायत. पुढे कान शिकले. गाडीचा आवाज जवळ येतो आणि थांबतो. झाडाचा आवाज जवळही येत नाही आणि थांबतही नाही. एवढा फरक कळायला मला दोन वर्षं लागली, आणि कळल्यावर फार काही बरं वाटलं असंही नाही.

दुपार हा एकट्या बाईचा खरा वेळ. रात्री काय, कामानं अंग मोडलेलं असतं, झोप लागते. सकाळी धार, डेअरी, शेण, शेत. दुपारी दोन म्हशी रवंथ करत बसलेल्या, कोंबड्या धुळीत रुतलेल्या, आणि आपण. तेव्हा मी झाडाखाली बसायची. झाडं लावणारे लोक झाडाखाली बसत नाहीत, हे मी पाहिलं आहे. त्यांना नेहमी काहीतरी छाटायचं असतं. मी ठरवून बसायची. हादग्याची सावली विरळ, चाळणीतून गाळल्यासारखी. शेवग्याची त्याहून विरळ, आणि पावसाळ्यात त्याच्या खोडाला केसाळ अळ्या, म्हणून लांबून. निलगिरीची सावली तर सावली म्हणायलाच नको. झाडाखाली बसलं तरी ती पलीकडे गौराक्काच्या शेतात पडलेली. पण वर बघितलं की शेंडा हलताना दिसायचा, आणि तो मागच्या आठवड्यापेक्षा वर गेलाय असं मी स्वतःला सांगू शकायची. माझ्याकडे तेव्हा वाढणारं दुसरं काही नव्हतं.

निलगिरी कौलांच्या वर गेली तो हस्त मला नीट आठवतो. यजमान आले ते एकटे नाही, ट्रकमध्ये लोखंडी बार आणि सिमेंट घेऊन आले. उतरताना इतके खूश, की बघत राहावं. "कौलं गळत्यात म्हणत हुतीस न्हवं? काढून टाकू. स्लॅब टाकू. वर एक खोली काढू. मी आल्यावर बसायला, हवेशीर."

मी म्हणाले, "तुम्ही आल्यावर."

"व्हय की," ते म्हणाले.

ते सगळं माझ्यासाठीच होतं. कौलं गळतात हे मीच म्हटलं होतं. पावसाच्या दिवसांत खोलीभर पातेली मांडून मी त्यांच्यापुढे कितीदा तक्रार केली होती. त्यामुळे रागवायला जागा नव्हती. कौलं उतरवली तेव्हा मी स्वतः खालून झेलली.

स्लॅबच्या खाली फळ्या, आणि फळ्यांना खालून टेकू लागतात. गवंडी म्हणाला, टेकू भाड्यानं आणावं लागतील. यजमानांनी बांधाकडे बघितलं. "घरची निलगिरी हाय की. सरळसोट." दिवसभरात रांग आडवी झाली. मला वाईट वाटलं नाही. निलगिरी त्यासाठीच लावतात, आणि माझ्या हातचे वासे इतके सरळ निघाले याचा थोडा तोराही होता. वास घमघमला. गौराक्का काठी टेकत बांधावर येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी माणसं आली, खडी-वाळू कालवायला घेतली, आभाळ काळं होऊन आलं, आणि गवंडी आतून ओरडला, "वयनी, एक टेकू कमी पडतोय!"

एकच झाड उरलं होतं. दारातलं.

यजमान कुऱ्हाड घेऊन त्याच्याजवळ गेले. घाव घातला नाही. शेंड्याकडे बघितलं, मग कौलं होती त्या उंचीकडे, मग माझ्याकडे. "कापू काय?"

असं ते कधी विचारत नसत. बांधावरची रांग पाडताना त्यांनी विचारलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की त्यांना सगळं आठवतंय, माझ्याइतकंच नीट, आणि आता ते माझ्यावर सोपवतायत. "नको" म्हटलं असतं तर कदाचित काही घडलं असतं. पण कालवलेलं सिमेंट थांबत नाही. माणसं घमेली घेऊन उभी. पावसाचा पहिला थेंब पडलेला. झाडाच्या बदल्यात माणूस मागायला एक तोंड लागतं, आणि ते चार परक्या माणसांपुढे माझ्याजवळ नव्हतं. शिवाय दाव्याला बांधून म्हैस राहते. माणसाचं तसं नाही.

"कापा," मी म्हणाले. "स्लॅब खोळंबायचा न्हाय."

झाड पडलं. ते फांद्या छाटत बसले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत फुटंल की."

स्लॅब चांगला झाला. अजून कुठे गळत नाही. पण टेकू काढायच्या आत गुळाचा हंगाम लागला आणि ते गेले. मग तीन आठवडे मी त्या वाशांमध्ये राहिले. खोल्यांमध्ये पावला-पावलावर खोडं उभी. भांडं घ्यायला जायचं तर दोन झाडांच्या मधून अंग चोरून. घरात एवढी गर्दी कधी नव्हती. वरून स्लॅबवर मारलेलं पाणी झिरपायचं, खोडं ओली राहायची. एका दुपारी बघते तर त्यातल्या एका टेकूला, डोळ्याच्या उंचीवर, कोवळी तांबूस पानं फुटलेली. मुळं नाहीत, शेंडा नाही, डोक्यावर स्लॅब, आणि पानं. मी गौराक्काला बोलावून दाखवली.

"मूर्ख हाय गं ही," ती म्हणाली. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. तेवढा एकदाच.

वरची खोली झाली. घर गावात उठून दिसायला लागलं. पहिल्यांदा गच्चीवर गेले तेव्हा मी खाली वाकून बघितलं: दारातला आंबा, नवा हादगा, शेवगा, सगळी माझ्या पायांखाली. कौलांच्या वर जायचं होतं. कौलंच राहिली नव्हती. आता उंची दुप्पट. हे त्यांनी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. मुद्दाम करणारा माणूस एवढा हिशेबी असता तर त्यानं आधी तसा शब्दच दिला नसता.

दारातला खुंट फुटला. निलगिरी वरून कापून मरत नाही, मुळं काढावी लागतात. पहिल्याच उन्हाळ्यात बुंध्यातून झुडूपभर फुटवे आले. मी कोयता घेऊन एक ठेवला आणि बाकीचे काढले. एकच ठेवला की तो जोरात जातो. हे मी म्हशीच्या चाऱ्याइतक्याच सहजपणे केलं, असं निदान गौराक्काला सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगतीयास? त्येला सांग." ती पुढे दोन वर्षांनी गेली. तिच्या लोकांत पुरतात. तिला तिच्याच शेतात, पानमळ्याच्या कडेला ठेवलं. तिच्या मुलानं पानमळा मोडून ऊस केला; कडेचा एक पांगारा तेवढा राहिलाय. वसंतात तो लालभडक होतो, एकही पान नसताना. अगदी तिच्यासारखा, काही न पांघरता बोलणारा. हादगा मात्र चार-पाच वर्षांत संपतो. आता दारात आहे तो पहिल्याचा नातू. माझ्या घरात नातू आहे तो एवढाच.

आता हायवे रुंद झाला, गाडीला बारा महिने माल मिळतो. हस्त ते दिवाळी असं काही मोकळं राहिलं नाही. तरी यजमान या दिवसांत चार दिवस का होईना येत. यंदा हस्त लागला तरी आले नाहीत. ही पहिली वेळ.

आज सकाळी फुलं वेचताना मोबाइल वाजला. मागे ट्रकांचे हॉर्न.

"कुठं हाय?" मी विचारलं.

"वापीच्या अलीकडं. टायर बसलाय." थोडं थांबून, "गुडघा लई धरतोय गं. क्लच दाबवंना झालाय."

"तेल लावा."

"लावतोय की." मग बराच वेळ नुसता रस्ता ऐकू आला. मला वाटलं लाइन तुटली. तेवढ्यात म्हणाले, "दारातलं झाड किती झालं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे फोनवर कधी विचारलं नव्हतं. फुलांची टोपली खाली ठेवून मी अंगणाच्या मधोमध गेले आणि वर बघितलं. वारा होता. निलगिरीचा शेंडा वरच्या खोलीच्या वर, पाण्याच्या टाकीच्याही वर, उन्हात हलत होता. कधी गेला मला कळलं नाही. रोज बघणारी मी.

वर गेलं म्हटलं असतं, तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. अजून खालीच आहे म्हटलं असतं, तर द्यावं लागलं नसतं. दोन्ही वाक्यं तोंडात तयार होती.

"यिऊन बघा की," मी म्हणाले.

पलीकडे कुणीतरी टायर झाला म्हणून हाक मारली, आणि फोन बंद झाला.

मी फुलं घेऊन चुलीपाशी बसले. एकेकाची कडू दांडी काढली. ओंजळभर झाली. मग थोडा वेळ टोपलीकडे बघितलं आणि अजून एक ओंजळ काढायला घेतली.